राखाडी अक्षरं आणि अप्पांचा मोबाइल

पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘ताई, मी २७ वर्षांची आहे. पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी घरूनच पुण्याच्या एका एजन्सीचं डिझाइनचं काम करते. महिन्याला २८ हजार मिळतात. अप्पांची चार एकर कोरडवाहू कपाशी आहे, भाऊ धुळ्याला शिकतो, त्यामुळे घर बरंचसं माझ्या पगारावर चालतं. गेलं वर्षभर एका झटपट कर्जाच्या ॲपचे स्क्रीन आणि जाहिराती करतेय. मोठं हिरवं बटण, “पाच मिनिटांत पैसे”, आणि व्याज खाली बारीक राखाडी अक्षरात. दिवाळीनंतर माझ्या चुलतभावाने अशाच दुसऱ्या एका ॲपवरून कर्ज घेतलं. हप्ता चुकल्यावर वसुलीवाल्यांनी त्याच्या मोबाइलमधल्या सगळ्या नातेवाइकांना घाणेरडे मेसेज पाठवले. काकू चार दिवस नीट जेवली नाही. तेव्हापासून हातातलं काम नकोसं झालंय. म्हणून नंदुरबारकडच्या एका संस्थेला लोगो आणि पोस्टर करून दिलं. “सेवा समजून करा” म्हणाले. चौदा वेळा बदल करून घेतले, आणि शेवटी छापलं की नाही तेही कळवलं नाही. अप्पा म्हणतात, समाजसेवा भरल्या पोटी करायची असते. मला मात्र नोकरी सोडून फक्त चांगल्या कामासाठी डिझाइन करावंसं वाटतं. काय करू?’

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही तुला ‘तू’ म्हणते.

नोकरी आत्ता सोडू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. तुझ्या पगारावर भावाचं शिक्षण चाललंय, आणि कोरडवाहू कपाशीचा भरवसा किती असतो ते तुला मी सांगायला नको. घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की सगळ्यात आधी बंद पडतं ते मनाजोगं काम. माझ्या बरोबरीच्या दोन मैत्रिणींनी चांगल्या कामासाठी म्हणून नोकरी सोडली होती. वर्षाच्या आत दोघी मिळेल ते काम घ्यायला लागल्या, आणि ज्यासाठी नोकरी सोडली ते काम तसंच राहून गेलं.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी तीनदा वाचलं. ‘व्याज खाली बारीक राखाडी अक्षरात.’ अगं, ती अक्षरं राखाडी तुझ्याच हातांनी झाली. सांगितलं वरच्यांनी असेल, पण रंग तू उचललास, आकार तू ठेवलास. दोष द्यायला हे लिहीत नाही. तुझ्या हातात केवढी ताकद आहे ते तुला दिसावं म्हणून लिहिते. सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरचं पोस्टर चाळीस-पन्नास माणसं बघतील. तू पारोळ्याला बसून केलेला कर्जाचा स्क्रीन किती अडलेल्या माणसांच्या हातात जात असेल त्याचा विचार कर. समाजाच्या भल्याचं डिझाइन तुला करायचंय ना? मग त्याची पहिली जागा तुझ्या टेबलावरच आहे.

साहेबांना जाऊन ‘मला हे पटत नाही’ असं सांगू नकोस. न पटणाऱ्या मुलीच्या जागी दुसरी मुलगी बसवता येते. नियम पुढे कर. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम घातले, आणि २०२५ मध्ये ते नव्या निर्देशांत कायम ठेवले. करार होण्याआधी कर्जदाराला मुख्य माहितीचं एक पत्रक द्यावं लागतं, आणि सगळं शुल्क धरून वर्षाला एकूण किती टक्के पडतात तो आकडा त्यात लिहावा लागतो. ॲपने माणसाच्या मोबाइलमधले नातेवाइकांचे नंबर, फोटो, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही, हेही त्याच नियमांत आहे. तुझ्या चुलतभावाच्या बाबतीत नेमका हाच नियम मोडलेला दिसतो. त्याने अजून तक्रार केली नसेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर कर म्हणावं. काकूंना समजावून सांग, यात लाज वाटायची असेल तर ती मेसेज पाठवणाऱ्यांना वाटायला हवी. पुढे एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी स्पष्ट केलं की ते पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे. म्हणजे पारोळ्याच्या माणसासाठी मराठीत.

दुसरा नियम तर थेट तुझ्या धंद्याचा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे स्क्रीनच्या रचनेतून माणसाला फसवायच्या तऱ्हा, यांच्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तेरा तऱ्हा नाव देऊन सांगितल्यात. एक गोष्ट ठळक करून दुसरी महत्त्वाची गोष्ट नजरेआड करणं ही त्यातलीच एक. तुझं हिरवं बटण आणि तुझं राखाडी व्याज त्यात बरोबर बसतं. शिवाय स्क्रीन सगळ्यांना वाचता यावी म्हणून जगभर पाळलं जाणारं एक माप आहे. साध्या आकाराच्या अक्षरांचा आणि मागच्या रंगाचा उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ हवा. हे मोजून देणारी फुकट साधनं नेटवर आहेत. तुझी राखाडी अक्षरं त्यात घालून बघ, आणि जो आकडा येईल तो स्क्रीनच्या चित्राशेजारी लिहून पाठव. आकड्याशी वाद घालणं अवघड जातं.

मग त्याच स्क्रीनच्या दोन आवृत्त्या कर. एक आत्ता आहे तशी. दुसरीत कर्ज किती, हातात किती पडणार, फेडायचे किती आणि वर्षाचे टक्के किती, हे चार आकडे बटणाच्या वर, बटणाएवढ्याच ठळक अक्षरात. दोन्ही अप्पांच्या मोबाइलवर टाक आणि भर दुपारी बांधावर उभं राहून त्यांना वाचायला सांग. पुण्याच्या ऑफिसात मोठ्या मॉनिटरवर जे छान दिसतं ते आठ-नऊ हजारांच्या, काचेला तडा गेलेल्या मोबाइलवर, उन्हात, चष्मा घरी विसरलेल्या माणसाला कसं दिसतं याचा पत्ता एसीतल्या कुणालाही नसतो. तुला तो आहे. गावात बसून काम करण्याचा हा खरा फायदा आहे, आणि तू अजून तो वापरलेला नाहीस. अप्पा वाचताना कुठे अडखळले, काय बोलले, ते लिहून ठेव आणि मीटिंगमध्ये सांग.

एवढं करूनही ऐकलं नाही तर? दोन गोष्टी वेगळ्या कर. ॲपच्या मागे कोणती बँक किंवा एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली वित्त कंपनी, आहे हे स्क्रीनवर लिहिलेलं असेल, तर निदान तक्रारीला जागा आहे. तिथे राहून भांड. ते नावच कुठे नसेल, किंवा ‘ते टाकू नका’ असं तुला सांगितलं जात असेल, तर त्या ग्राहकाचं काम तू करू नकोस. एजन्सीला सांग की मला दुसऱ्या ग्राहकाचं काम द्या. तेही झालं नाही तर दुसरी नोकरी शोधायला लाग, आणि ती हातात आली की ही सोड. तोवर घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे बाजूला पडतील असं बघ. यात मी तडजोड सांगणार नाही. काकूंचं जेवण ज्याने तुटलं त्या जातीच्या कामाला तुझा हात लागायला नको.

आता नंदुरबारच्या संस्थेचं. चौदा बदल आणि वर कळवणंही नाही, याचा राग येणं साहजिक आहे. पण त्या पोस्टरचं काय झालं असेल याचा थोडाफार अंदाज मला आहे, कारण माझ्या पोस्टरचं ते झालंय.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी धडगाव तालुक्यात लावायला गरोदर बायकांच्या आहाराचं पोस्टर केलं होतं. जीव ओतला होता त्यात. सफरचंद, दुधाचा ग्लास, पालकाची जुडी, गोल पातळातली हसरी बाई, आणि कडेला वारली पद्धतीची नाचणारी माणसं. जाड आर्ट पेपरवर छापलं. सहा महिन्यांनी दुसऱ्याच कामाने तिकडे गेले तेव्हा एका अंगणवाडीत मला माझं पोस्टर भिंतीवर उलटं, पाठ पुढे करून लावलेलं दिसलं. पाठच्या पांढऱ्या कागदावर सेविकेने पट्टीने रेघा मारून मुलांची नावं आणि महिन्यामहिन्याची वजनं लिहिली होती. निळ्या शाईने, सुवाच्य. ज्या पोराचं वजन घटलं त्याच्या नावापुढे तिने एक छोटा दगड काढला होता. मी विचारलं, दगड का? तर म्हणाली, वजन थांबलं म्हणजे पोर दगडासारखं एका जागी बसलं, हे त्याच्या आईला लगेच कळतं.

मी खाली बसले आणि पुढच्या दोन तासांत तिच्याकडून जेवढं शिकले तेवढं कॉलेजच्या पाच वर्षांत शिकले नव्हते. सफरचंद तिथल्या बायकांनी आजारी माणसाच्या उशाशी पाहिलेलं, त्यामुळे पोस्टर दवाखान्यातल्या रोग्यांसाठी आहे असं त्यांना वाटलं. त्यांच्या घरात मका, ज्वारी, उडीद, भगर, रानभाज्या. त्यातलं एकही माझ्या चित्रात नव्हतं. मजकूर प्रमाण मराठीत, घरातली भाषा पावरी. वारली चित्रं पालघर-डहाणूकडची. सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल बाईचा त्यांच्याशी काय संबंध? आदिवासी म्हटलं की वारली माणसं चिकटवायची ही आपल्या लोकांची वाईट खोड आहे, आणि मीही तेच केलं होतं. सगळ्यात मोठी चूक तर कागदाच्या आकाराची होती. घरं पाड्यापाड्यांवर विखुरलेली. गरोदर बाई पोस्टर बघायला अंगणवाडीत येत नाही, सेविकाच डोंगर चढून तिच्या घरी जाते, खांद्याला पिशवी लावून. त्या पिशवीत मावेल असं काहीतरी हवं होतं.

पुढच्या खेपेला आम्ही तळहाताएवढी नऊ कार्डं केली, कोपऱ्याला भोक पाडून सुतळीत ओवलेली. चित्रं मी काढली, पण कशाची काढायची ते तिने सांगितलं, आणि दगड तिचाच ठेवला. शब्द जवळजवळ नव्हतेच. बोलायचं काम ती करणार होती, तिच्या भाषेत. पावसात कार्डं भिजली, मळली, कडा फाटल्या, आणि पुन्हा छापून मागवली गेली. माझ्या कामाला मिळालेली सगळ्यात मोठी पावती मी तीच मानते.

हे काही मी शोधलेलं नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातल्या बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं, तेव्हा निवडणूक चिन्हं आली ती बैलजोडी, झोपडी, कणीस-विळा अशी. माणसाच्या अंगणातली, रोजच्या हाताळणीतली. ज्याला वाचता येत नाही त्याला बैलजोडी ओळखता येते, आणि तिच्यावरून तो राज्य कुणाचं ते ठरवू शकतो. तेव्हा वाचता न येणाऱ्यासाठी काम करशील तेव्हा त्याला लहान मुलासारखं धरू नकोस. गोबऱ्या गालांची कार्टून मोठ्या माणसांपुढे ठेवू नकोस.

तुझ्या पत्राला माझ्याकडे ठोस उत्तर आहे, ते आता सांगते. संस्था शोधत नंदुरबारला जाऊ नकोस. तुझ्या गावात, तुझ्या भाषेत, अप्पांच्या कपाशीत एक काम तुझी वाट बघतंय.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास मी एरंडोलजवळ एका ओळखीच्यांच्या शेतावर होते. घरचे मोठे भाऊ, सगळे त्यांना जिभाऊ म्हणतात, पाठीला पंप लावून कपाशीवर फवारणी करत होते. तोंडाला काही नाही, हातात काही नाही, पाय उघडे. बांधावर औषधाची बाटली होती. बाटलीवर चौकोन असतो ना, टोकावर उभा केलेला, खालच्या अर्ध्या भागात रंग? तो हिरवा होता. मी बोट लावून विचारलं, ‘जिभाऊ, हाई काय शे?’ ते म्हणाले, ‘हिरवं शे. काही व्हत नही.’

त्या चौकोनाची गोष्ट नीट समजून घे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे प्रत्येक बाटलीवर तो छापावा लागतो. रंग चार आहेत. लाल सगळ्यात जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल रंगाच्या बाटलीवर कवटी आणि हाडांचं चिन्ह येतं. पिवळ्यावर कवटी नसते, पण तिथेही ‘विष’ असं लाल अक्षरात लिहावं लागतं. हिरवा म्हणजे चौघांत कमी विषारी. विषारी नाही असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पण चौकात सिग्नलचा हिरवा म्हणजे जा. जिभाऊंची नात अंगणवाडीत जाते, तिथे दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्याच्या वर हिरवा. तिथे हिरवा म्हणजे पोर ठीक आहे. घरातल्या बाईने तो हिरवा बघून सुस्कारा सोडलेला असतो. तोच हिरवा बाटलीवर आला तर माणूस काय समजेल? जिभाऊंनी बरोबर वाचलं होतं. जगाने त्यांना हिरव्याचा जो अर्थ शिकवला होता तोच त्यांनी लावला. पिवळ्याची गत तर आणखी वाईट आहे. सिग्नलचा पिवळा म्हणजे जरा दमानं घ्या, आणि बाटलीवरचा पिवळा म्हणजे जहालात दुसरा नंबर.

दंडाच्या पट्टीवर तर माझा फार जीव आहे. एक साधी पट्टी, तीन रंग, वाचता येण्याची गरज नाही, वजनकाटा लागत नाही, आणि पोर जिवावरच्या कुपोषणात गेलंय का ते मिनिटभरात कळतं. ज्याने कुणी ती पहिल्यांदा रंगवली त्याने बाटलीचा विचार केला नव्हता, आणि बाटलीवाल्याने पट्टीचा केला नव्हता. दोन्ही रंग शेवटी एकाच घरात येऊन पडले. त्या दोघांच्या मधली जागा भरायला तुझ्यासारखी मुलगी हवी, जिच्या घरात कपाशीही आहे आणि हातात डिझाइनही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तुला आठवत असेल. आपल्याकडची कपाशी काही वेगळी नाही. गुलाबी बोंडअळी आली की फवारण्या वाढतात, आणि त्या अंगावर घेणारा बऱ्याचदा रोजंदारीवरचा माणूस असतो, ज्याने बाटली हातात धरलेलीही नसते.

तर एक कार्ड कर. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ठेवता येईल, पंपाच्या पट्ट्याला बांधता येईल असं. चारही रंग एकाखाली एक, आणि चौघांपुढे एकच चित्र: हातमोजे, तोंडाला फडकं, अंगभर कपडे. चारही रंग विषच आहेत, एवढं एक वाक्य. मागच्या बाजूला: चक्कर, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबा, कपडे काढून साबणाने अंग धुवा, १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात जाताना बाटली सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना औषधाचं नाव कळेल. मजकूर स्वतःच्या मनाने पक्का करू नकोस. ममुराबादच्या किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रातून आणि तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून तपासून घे. जिवाशी गाठ आहे, इथे एक शब्द चुकून चालत नाही. वाक्यं मी प्रमाण मराठीत लिहिलीत. ती अहिराणीत कशी म्हणायची ते तू मला शिकवशील.

कार्ड दाखवताना ‘आवडलं का?’ असं कधी विचारू नकोस. आपली माणसं मनाने मोठी, पोरीने एवढ्या हौसेने केलंय म्हणून ‘भारी शे’ म्हणतील आणि तुला काहीच कळणार नाही. कार्ड नुसतं हातात दे, गप्प राहा, आणि ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरव. पाच-सहा जणांना दाखवलंस की कुठे घोळ आहे ते आपोआप वर येतं.

थोडं छपाईबद्दल, कारण इथेच घात होतो. फ्लेक्सवाल्याकडे बहुधा कोरल ड्रॉ आणि जुने फॉन्ट असतात. युनिकोडमधला मजकूर तसाच पाठवलास तर अहिराणीतला ‘ऱ्हायनं’चा ‘ऱ्ह’ हमखास तुटतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की आपली बोलीच चुकीची लिहिली जाते. फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे आकृत्या, करून दे, आणि युनिकोडमधली मूळ फाइल वेगळी जपून ठेव. मुक्ता, बालू, नोटो हे देवनागरी फॉन्ट मोफत आणि मोकळ्या परवान्याचे आहेत, ते वापरलेस तर उद्या दुसऱ्या गावच्या कुणालाही तुझं कार्ड पुढे नेता येईल. १०८ सोडून दुसरा फोन नंबर छापू नकोस. कर्मचाऱ्यांच्या बदल्या होतात, नंबर शिळा होतो आणि चांगलं कार्ड वाया जातं. पांढरी चौकट सोड, नंबर पेनाने लिहू दे. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, फोटो म्हणून पाठवलंस की बारीक अक्षरं फुटतात. माणसांचे फोटो वापरायचेच झाले तर आधी विचार, आणि आजारी किंवा कुपोषित लेकराचा चेहरा कधीही, कुठेही छापू नकोस, संस्थेने कितीही आग्रह केला तरी.

आता पैसे. यात मी तुझ्या अप्पांच्या बाजूने आहे, पण त्यांच्या वाक्याच्या नाही. भरलं पोट कधी येणार याची वाट बघत बसलं तर आयुष्य संपतं. मात्र फुकट केलेल्या कामाला किंमत राहत नाही, हे त्यांना शेतीतून कळलंय आणि तुला चौदा बदलांतून. तुझ्या त्या पोस्टरमागे पैसे लागले असते तर पाचव्या बदलाला कुणीतरी विचारलं असतं की हे नक्की कशासाठी चाललंय.

संस्थांकडे पैसे नसतात हेही अर्धंच खरं. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. अशा प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात प्रचार-साहित्याची ओळ बऱ्याचदा असते. सरकारी भाषेत त्याला ‘आयईसी’ म्हणतात. पुढच्या वेळी कुणी ‘सेवा समजून करा’ म्हणालं की नम्रपणे विचार, ‘तुमच्या प्रकल्पात आयईसीसाठी तरतूद किती आहे?’ तरतूद असेल तर ठरवून घे. खरंच नसेल आणि काम मनापासून पटलं असेल तर बिल तरीही कर. पूर्ण रक्कम १२ हजार, सवलत ७ हजार, देणं ५ हजार. सवलतीचा आकडा कागदावर दिसला पाहिजे, म्हणजे तू काय दिलंस ते त्यांना कळतं आणि तुलाही. काम सुरू करण्याआधी एका पानावर लिहून घे: काय करणार, कधी देणार, बदल दोनदाच, आणि होकार-नकार देणारा माणूस एकच. त्याच पानावर एक अट घाल: छापल्यावर ते जिथे वापरलं जाईल तिथे मला एकदा घेऊन जायचं. प्रवासखर्च त्यांचा. ही अट मान्य नसलेल्या संस्थेचं काम मी गेली कित्येक वर्षं घेतलेलं नाही.

कार्डाचे पैसे मात्र कुणाकडे मागू नकोस. ते तुझ्या गावचं आहे, आणि पहिली शंभर कार्डं छापायला फार खर्च येत नाही. महिन्यातले दोन रविवार त्याला दे, तिसरा देऊ नकोस. थकलेल्या माणसाच्या हातून बारीक चुका होतात, आणि तुझा आठवडा आधीच भरलेला आहे.

अप्पांना हे काम कसं सांगायचं, असं तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. सांगू नकोस. त्यांच्याजवळ कागद घेऊन बस आणि म्हण, अप्पा, तुमच्याशिवाय हे मला जमणार नाही. इतकी वर्षं ज्यांनी त्या बाटल्या हाताळल्या त्यांना कोणता रंग कसा वाटतो, पंप पाठीवर असताना हात कुठे जातो, नोझल तुंबलं की तोंडाने फुंकतात का, हे पुण्यातला कोणता सल्लागार सांगणार?

कानबाईला, म्हणजे खानदेशातल्या त्या श्रावणातल्या सणाला, तुमच्या घरी रोट असतील. सगळी भावकी जमेल, काका, चुलतभाऊ, शेतात राबणारी सगळी माणसं एका ओसरीवर, आणि नेमका फवारणीचा हंगाम असेल. तोवर कच्चं कार्ड तयार ठेव, साध्या कागदावर प्रिंट काढलेलं चालेल. जेवणं झाली की एकेकाच्या हातात दे. चुलतभावालाही बोलव, त्याला वही धरायला दे. गेले काही महिने तो माणसांतून उठल्यासारखा झाला असेल. आणि अप्पांनी कार्ड हातात घेऊन पहिलं वाक्य जे म्हटलं ते जसंच्या तसं, अहिराणीत, मला लिहून पाठव.